द्यूतगृहांचे स्वामित्व : मुंबईचा आकडा आणि मांडवीवरील जहाजे

द्यूतव्यवसायाचे स्वामित्व गुंडांच्या टोळ्यांकडून भागभांडवली कंपन्यांकडे कसे गेले, या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकांपुढे बहुधा एकच उदाहरण असते. ते अमेरिकेतील लास व्हेगस या नगराचे. उदाहरण मोठे आहे व त्यासंबंधीची कागदपत्रेही विपुल आहेत. परंतु त्यावरून जो सर्वसामान्य सिद्धांत काढण्यात येतो, तो मराठी मुलखाला लावून पाहिला असता टिकत नाही. प्रथम गुंड येतात व बाजार उभा करतात, मागाहून कंपन्या येऊन तो बाजार विकत घेतात आणि त्याला सभ्य रूप देतात, असा हा सिद्धांत आहे. मुंबईत दादागिरीच्या छायेत वाढलेला मटका कोणत्याही कंपनीने विकत घेतला नाही; आणि गोव्यात ज्या कंपन्यांनी कॅसिनो थाटले, त्यांनी ते कोणा टोळीवाल्याकडून घेतले नाहीत. येथे हस्तांतर असे झालेच नाही. एक व्यवसाय बेकायदा ठरवून तसाच ठेवण्यात आला, व त्यापासून पाचशे किलोमीटरांहून दूर दुसरा व्यवसाय कायद्याने नव्याने निर्माण करण्यात आला. हा भेद का पडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

लास व्हेगसची हकीकत प्रथम थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे, कारण तिच्यातील मर्म पुष्कळदा निसटते. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. तरीही प्रतिष्ठित बँका द्यूतगृहांना कर्ज देण्यास धजत नसत. अशा वेळी ज्यांच्यापाशी रोकड होती व जुगाराचा अनुभवही होता, ते मद्यबंदीच्या काळात धनाढ्य झालेले टोळीवाले पुढे आले. बग्झी सीगल याने २६ डिसेंबर १९४६ रोजी फ्लमिंगो हे आपले हॉटेल उघडले आणि पुढील जून महिन्यात त्याचा खून झाला. हॉटेल मात्र चालूच राहिले. या घरांतील खरी लूट पत्त्यांच्या मेजावर होत नसे, ती मोजणीच्या खोलीत होई. दिवसाची रोकड वहीत चढण्यापूर्वीच तिच्यातील काही भाग काढून घेतला जाई व तो दूरच्या शहरांतील गुप्त मालकांकडे रवाना होई. वहीत जे नाही त्यावर कर नाही, आणि वहीत ज्याचे नाव नाही तोच मालक, अशी ही व्यवस्था होती.

गंमत अशी की, गुप्त मालकांना दूर ठेवण्यासाठी केलेला नियमच त्यांना संरक्षण देत होता. द्यूतगृहाच्या प्रत्येक भागधारकाला स्वतंत्र परवाना घ्यावा लागे. ज्या कंपनीचे भागधारक हजारो आहेत व रोज बदलतात, तिला हे अशक्य होते. म्हणजे रोखेबाजारातील उघड भांडवल दाराबाहेर राही आणि नावापुरता मालक पुढे करणारे गुप्त भांडवल आत येई. हॉवर्ड ह्यूज याने १९६७ साली डेझर्ट इन व त्यापाठोपाठ इतर अनेक घरे विकत घेतली, आणि त्यामुळे टोळीवाल्यांचे युग संपले, असे सांगण्याची प्रथा आहे. पण ह्यूज हा एकटा धनिक होता. त्याची खरेदी ही काही कंपनीची राजवट नव्हे. निर्णायक ठरला तो १९६७ चा व १९६९ साली सुधारलेला कायदा. त्याने प्रत्येक भागधारकाच्या परवान्याची अट काढली व प्रमुख भागधारक आणि अधिकारी यांच्यापुरती तपासणी ठेवली. त्यानंतर थोड्याच काळात हिल्टनसारखी हॉटेल-कंपनी या व्यवसायात उतरली. तथापि कंपनी म्हटली की चोरी थांबली, असेही मानण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये स्टारडस्ट येथे घातलेल्या छाप्यात नाणी तोलण्याचे काटेच खोटे असल्याचे उघडकीस आले; आणि त्या घराची मालक आर्जंट ही एक कंपनीच होती. मालकीच्या रूपापेक्षा मोजणीवर कोणाची नजर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता.

भारतीय परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. मनूने द्यूताचा सर्वस्वी निषेध केला; परंतु कौटिल्य व याज्ञवल्क्य यांनी ते राजाच्या देखरेखीखाली एका ठिकाणी चालावे, असा पक्ष स्वीकारला. याज्ञवल्क्यस्मृतीतील ‘सभिक’ म्हणजे द्यूतगृहाचा चालक. मोठ्या जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच व इतरांकडून शेकडा दहा घेण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्या बदल्यात राजाचा ठरलेला भाग पोचता करणे व जिंकणाऱ्याचे धन त्याला मिळवून देणे ही त्याची कर्तव्ये आहेत. शेवटले कर्तव्य विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. द्यूतातील येणे वसूल कोणी करावयाचे, याचे उत्तर स्मृतिकाराने दिले होते. इंग्रजी अमदानीने ते काढून घेतले.

मुंबई इलाख्यात १८६५ च्या तिसऱ्या अधिनियमाने पैजेचे करार तर निरर्थक ठरलेच, पण पैजेला पूरक म्हणून केलेले करारही न्यायालयात टिकेनासे झाले. १८७२ च्या करारकायद्याने पैजेचा करार सर्व देशात निरर्थक ठरविला खरा. मात्र पूरक करारांपर्यंत जाण्याचा कडकपणा हे मुंबई इलाख्याचे वैशिष्ट्य राहिले. पुढे १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आला. पावसावरील पैज त्याच्या कक्षेत येत नाही असे दिसून आल्यावर १८९० मध्ये तीही त्यात घालण्यात आली. या कायद्यांचा हेतू नीतिरक्षणाचा होता, यात शंका नाही. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की, मोठी उलाढाल असलेल्या एका बाजारातील देणेघेणे दिवाणी न्यायालयाच्या बाहेर पडले. जेथे दावा लावता येत नाही तेथे शब्द चालतो, आणि जेथे शब्द मोडतो तेथे दंडुका. मुंबईच्या जुगारात दादा कोठून आला, याचे उत्तर शोधताना त्या वस्तीच्या दारिद्र्याकडे बोट दाखविण्यापूर्वी या दोन अधिनियमांकडे पाहणे उचित ठरेल.

मटक्याचा उगम कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता व बंद होतानाचा भाव तारेने मुंबईस येई. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्यापासून काळबादेवीच्या दलालापर्यंत अनेकांचे नशीब या भावांशी बांधलेले होते. पण ज्यांनी जन्मात कापसाची गाठ विकत घेतली नाही असे लोकही त्या भावातील आकड्यांवर पैसे लावू लागले. ‘आकडा’ हे नाव त्यावरून पडले. या खेळाचे मोठे बळ हे की, आकडा सातासमुद्रापलीकडून येई. मुंबईतील कोणा बुकीला तो फिरविता येणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभी हा स्रोत आटला. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो पैशाचा नव्हे, विश्वासाचा. आकडा येथेच काढावयाचा, तर तो खरा आहे हे लावणाऱ्याने कशावरून मानावे?

कच्छमधून मुंबईस आलेले व वरळीत किराणा दुकान चालविणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ साली आपला मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये ‘न्यू वरळी मटका’ काढला. मडक्यातून चिठ्ठी काढण्याच्या रीतीवरून खेळाला नाव मिळाले. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव राहिले. रीत अशी. शून्य ते नऊ या अंकांतून तीन पाने काढावयाची व त्यांची बेरीज करून शेवटचा अंक घ्यावयाचा. पाने ४, ५ व ८ निघाली तर बेरीज १७ व ‘ओपन’ ७. काही तासांनी पुन्हा तीन पाने. ती १, ३ व ६ असली तर बेरीज १० व ‘क्लोज’ शून्य. दोहोंची ‘जोडी’ ७०. एकेरी आकड्याला सुमारे नऊपट, जोडीला सुमारे नव्वदपट रक्कम मिळे. दहांपैकी एक आकडा बरोबर येणार व त्यास नऊपट मिळणार, म्हणजे रुपयामागे सरासरीने दहा पैसे गादीवाल्याचे. याज्ञवल्क्याच्या सभिकाचा शेकडा दहाचा दर येथे आपोआप पुन्हा अवतरतो.

पाने चारचौघांसमक्ष काढली जात, आणि आकडा दूरध्वनीने काही मिनिटांत गावोगाव पोचे. लावणाऱ्याला पावती म्हणून मिळे ती कागदाची लहानशी चिठ्ठी. तिच्यावर ना नाव, ना पत्ता. गिरणीच्या फाटकाशी, चाळीच्या जिन्याखाली, पानाच्या ठेल्यावर बसलेला एजंट चार-आठ आण्यांचा आकडाही घेई, आणि लागल्यास दुसऱ्या दिवशी पैसे मुकाट्याने मोजी. या प्रामाणिकपणाचे गोडवे जुने मुंबईकर अद्याप गातात. तो प्रामाणिकपणा खरा होता, पण त्यामागे धर्मबुद्धी होती असे नव्हे. ज्या धंद्याला कागद नाही त्याची सारी पत शब्दावर असते; एक आकडा बुडविला तर गादी बुडते. मात्र हाच एजंट उधारीवर आकडा लावू देई, आणि उधारी थकली म्हणजे मघाचा सौजन्याचा व्यवहार संपे. गिरणीकामगाराच्या पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहणाऱ्यांत पठाणी व्याजवाल्याबरोबर आकड्याचा वसुलीवालाही असे. आकडा चालू राहावा म्हणून पोलिसांना व स्थानिक दादांना द्यावयाचा हप्ता हाही याच वहीबाहेरच्या हिशेबाचा भाग होता. म्हणूनच मटक्याची खरी उलाढाल किती होती, याविषयी वृत्तपत्रांतून येणारे आकडे इतिहासकाराने दूरच ठेवावेत. जी चिठ्ठी रात्री फाडली जाते ती दफ्तरात सापडत नाही.

या व्यवसायाची ओहोटी पोलिसी कारवाईने लागली, असे पूर्णतः म्हणता येत नाही. खत्री यांना आणीबाणीत कारावास घडला, तरी मटका बंद पडला नाही. जबर धक्का बसला तो जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपाने. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि गिरणगावातील एजंटांचे नेहमीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत. दुसरी अडचण वारशाची होती. जो धंदा कायद्यापुढे अस्तित्वातच नाही, त्याचे मृत्युपत्र कसे करावयाचे? कल्याणजींच्या पश्चात गादी चालविणारे त्यांचे पुत्र सुरेश भगत यांचा २००८ साली अलिबागहून परतताना वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला. तो अपघात नसून घडवून आणलेला खून होता, असा निर्णय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, आणि शिक्षा झालेल्यांत घरचीच माणसे होती. समभाग असते तर त्यांची वाटणी झाली असती. तंटा झाला असता तर तो कंपनी न्यायाधिकरणापुढे गेला असता. खत्री मे २०२० मध्ये वार्धक्याने निवर्तले. त्यांची गादी कोणा कंपनीकडे गेली नाही, कारण विकण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. नेवाडातील टोळीवाल्यापाशी निदान इमारत होती, जमीन होती, परवाना होता. वरळीच्या मटक्याची सारी मालमत्ता म्हणजे नाव, ओळखी आणि वेळेवर निघणारा आकडा.

सरकारने मटक्याला परवाना देऊन तो कक्षेत का घेतला नाही, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे एक उत्तर मुंबई राज्याने स्वतःच जिंकलेल्या खटल्यात आहे. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा चालविणाऱ्या कंपनीवर मुंबई राज्याने कर बसविला. आपला व्यापारस्वातंत्र्याचा हक्क हिरावला गेला, असे कंपनीचे म्हणणे पडले. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला की, जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापारस्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्यासाठी वेद, महाभारत व स्मृती यांचेही दाखले दिले. हा निर्णय नीतीच्या बाजूने झाला, असे सामान्यतः समजले जाते. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र निराळा होता. जुगारावर कोणाचाही हक्क नाही. असेल ती केवळ सरकारने दिलेली मुभा. मुभा कोणाला द्यावयाची हे सरकारच्या मर्जीवर. त्याच मर्जीने महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. आकड्यावर पैसे लावणारा गुन्हेगार, आणि तिकिटावर पैसे लावणारा राज्याच्या विकासास हातभार लावणारा, हा भेद त्या वर्षापासून चालत आला आहे.

१९७६ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हटले पाहिजे. त्या एकाच वर्षी दोन शेजारी विधिमंडळांनी परस्परांविरुद्ध दिशेचे कायदे केले. महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण व कर ठेवणारा, म्हणजे त्यांना मुभा देणारा, अधिनियम संमत केला. गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाने सार्वजनिक जुगारास बंदी घालणारा. पुढे झाले ते याच्या नेमके उलट. महाराष्ट्राचा कायदा अमलात आणण्याची अधिसूचनाच निघाली नाही. गोव्याच्या बंदीच्या कायद्यात मात्र १९९२ साली एक कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस परवानगी मिळाली. १९९६ च्या सुधारणेने जहाजांवर पत्त्यांचे व रुलेटचे खेळही चालू शकले. बंदीचा कायदा आजही बंदीचाच आहे. कॅसिनो त्यातील अपवाद होत.

जहाजांची अट का घातली गेली? जमिनीवर, मंदिर-चर्चच्या गावात, पत्त्यांचे मेज नको. ते पाण्यावर, दृष्टीआड असावे, अशी ही तडजोड होती. प्रत्यक्षात ‘समुद्रावरील’ म्हणून परवाना मिळालेली ही जहाजे मांडवी नदीत, पणजी शहराच्या अगदी समोर नांगर टाकून राहिली, आणि रात्री त्यांच्या दिव्यांनी नदीचा काठ उजळून निघू लागला. दृष्टीआड ठेवावयाची वस्तू राजधानीच्या दर्शनी दारात आली. त्यांना तेथून अन्यत्र हलविण्याची आश्वासने निवडणुकीमागून निवडणुकीत देण्यात आली व मुदतीमागून मुदत वाढविण्यात आली. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे जहाज पावसाळ्यात नदीमुखाशी मिरामारजवळ वाळूत रुतले, तेव्हा या प्रश्नाचे नौकानयनविषयक अंगही लोकांच्या ध्यानी आले.

गोव्यात जुगार कंपन्यांनी आणला, असे मात्र म्हणता येणार नाही. जत्रेतील जुगाराचे पट तेथे जुनेच आहेत, आणि मुंबईचा आकडाही तेथे खेळला जाई. पण या दोहोंतील एकही माणूस, एकही गादी कॅसिनोच्या व्यवसायात सामावली गेली नाही. कॅसिनोसाठी भांडवल आले ते हॉटेल व्यवसायातून व रोखेबाजारातून. या क्षेत्रातील सर्वांत मोठी ठरलेली जयदेव मोदी यांची डेल्टा कॉर्प ही कंपनी पूर्वी ॲरो वेबटेक्स या वस्त्रोद्योगाशी नाते सांगणाऱ्या नावाने ओळखली जाई. गिरणगावाच्या पगारावर मटका जगला, आणि गिरण्यांचे युग सरल्यावर वस्त्रोद्योगाचे जुने नाव टाकलेल्या कंपनीने कॅसिनो चालविला, हा योगायोग असेल; पण पश्चिम भारतातील भांडवलाने कोणता प्रवास केला, हे त्यावरून दिसते. येथे मकावचा दाखला उपयुक्त आहे. मकाव हे १८४४ पर्यंत गोव्याच्याच शासनाखाली होते. वेगळे झाल्यावर काही वर्षांतच तेथील पोर्तुगीज सरकारने महसुलासाठी जुगारास मान्यता दिली. १९६२ पासून स्टॅनली हो यांच्या मंडळाकडे असलेला तेथील मक्ता २००२ मध्ये संपला व अमेरिकन कंपन्या आल्या. तेथे व्हेगसप्रमाणे जुन्या व्यवस्थेवर नवी चढली. पणजीत जुनी व्यवस्था नव्हतीच.

मग कंपनीने नेमके काय बदलले? पहिली गोष्ट उधारीची. कॅसिनोत खेळणारा आधी रोख भरून ‘चिप्स’ घेतो, मग खेळतो. वसुलीचा प्रश्न मुळातच राहत नाही, आणि म्हणून दादाची गरजही राहत नाही. १८६५ च्या कायद्याने उत्पन्न केलेली अडचण कंपनीने नीतीने नव्हे, हिशेबाच्या क्रमाने सोडविली. दुसरी गोष्ट खेळणाऱ्याची. मटक्याचा एजंट गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखे. कॅसिनोचे गिऱ्हाईक पर्यटक असते, ते तीन दिवसांनी परत जाते. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोंच्या खेळण्याच्या दालनात प्रवेशबंदी झाली. स्वतःच्या प्रजेला ज्यापासून राखावयाचे, त्याच व्यवसायाचा महसूल परप्रांतीयांकडून घ्यावयाचा, अशी ही राजनीती आहे. तिचा दोष दाखविणे सोपे आहे. पण मुंबईत प्रजेला राखण्यासाठी केलेल्या कायद्याने प्रजेला वसुलीवाल्याच्या हाती दिले होते, हेही विसरता येत नाही.

तिसरा बदल वेगाचा, आणि तोच सर्वांत खोल आहे. मटक्यात गादीवाल्याचा वाटा रुपयामागे दहा पैशांचा, पण आकडा दिवसातून दोनदा. एका शून्याच्या रुलेट चक्रात ३७ घरे असतात व एका घरावर लावलेल्याला पस्तीसपट लाभ मिळतो. घरमालकाचा वाटा शेकडा तीनहूनही कमी पडतो. वरवर पाहता कंपनी मटकेवाल्याहून उदार दिसते. परंतु चक्र तासात कितीतरी वेळा फिरते, आणि तोच पैसा पुन्हापुन्हा त्यावर लागतो. लहान वाटा, अनेक फेऱ्या. मटक्यात पैसा एकदा जाई. येथे तो झिजतो. खेळणाऱ्याला आपण किती लावले याचे भान राहत नाही, कारण प्रत्येक फेरीत लावलेली रक्कम व घरी नेताना कमी झालेली रक्कम यांचा परस्परसंबंध डोळ्यांना दिसत नाही.

नेमक्या याच अंतरावरून कंपनी व सरकार यांच्यात तंटा उभा राहिला. वस्तू व सेवा करासाठी मोजावयाचे काय? खेळणाऱ्यांनी लावलेली एकूण रक्कम, की बक्षिसे देऊन कंपनीपाशी उरलेली? सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्पला ११,१३९ कोटी रुपयांच्या कराची सूचना मिळाली. कंपनीची वार्षिक प्राप्ती त्या सुमारास हजार कोटींच्या घरात होती. प्रकरण न्यायालयात गेले. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर शेकडा २८ दराने कर लागू झाला, प्रत्येक फेरीवर नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर शेकडा ४० झाला. स्टारडस्टमधील खोट्या काट्याच्या काळात सरकारला कमी मोजले जात असल्याचा संशय होता. मांडवीवरील वहीत रक्कम पुरी चढते, आणि भांडण कोणत्या रकान्यावर कर बसवावा याचे आहे. पिस्तुलाच्या जागी लेखापरीक्षक आला तो असा. शेकडा २८ चा दर मटक्यात लावलेल्या रकमेवर बसविला असता, तर शेकडा दहा मिळविणारी गादी एका दिवसात बंद पडली असती, हेही गणित येथे करून पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो अधिनियम मधल्या काळात कायद्याच्या पुस्तकात तसाच पडून होता. तो अमलात आणावा, अशी मागणी उच्च न्यायालयापर्यंत गेली. अखेर २०२३ साली राज्य सरकारने तो अधिनियमच रद्द केला. सत्तेचाळीस वर्षांत तो एकही दिवस लागू झाला नव्हता. १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा मात्र चालू आहे, आणि कल्याण व वरळी ही नावे धारण करणारे आकडे चिठ्ठीवरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले आहेत. तेथे पाने कोण काढतो, ती कोणासमक्ष काढतो, हे लावणाऱ्याला आता दिसत नाही.